कूलंट गेलं कुठे? पिकअपमधलं कूलंट तपासण्याची आणि भरण्याची नीट रीत

डिझेल जळतं, त्यामुळे ते संपतं. इंजिन ऑइलही थोडंफार जळतं. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, मात्र जळत नाही. इंजिनमधून रेडिएटरमध्ये, रेडिएटरमधून परत इंजिनमध्ये, असं ते बंद वाटेनं फिरत राहतं. निरोगी गाडीत महिनोन्महिने त्याची पातळी जवळपास हलत नाही. म्हणून बाटलीतली रेघ खाली गेलेली दिसली की हात कॅनकडे जाण्याआधी डोक्यात प्रश्न यायला हवा : गेलं कुठे?

हा प्रश्न मी वेळेवर विचारला नव्हता. आमचं घर गुहागर तालुक्यात. एप्रिल-मे मध्ये आंब्याच्या पेट्या घेऊन चिपळूण, कुंभार्ली घाट, कराड या वाटेनं पुण्याच्या मार्केट यार्डात जाणं हा दरवर्षीचा क्रम. त्या वर्षी मी रोज सकाळी बॉनेट उघडून बाटली बघत होतो. बाटली भरलेली दिसायची, मी निश्चिंत व्हायचो. पोफळी मागे टाकून घाट चढायला लागलो आणि अर्ध्या चढात तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकला. मग एकदम खाली आला. मला वाटलं, इंजिन थंड झालं. पुढच्या दोन वळणांत बॉनेटखालून वाफ यायला लागली. बाटली तेव्हाही भरलेलीच होती. रिकामा होता तो रेडिएटर. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचं डोकं (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग, गेलं, हेड सपाट करून घ्यायला (फेसिंगला) द्यावं लागलं आणि दुसऱ्या गाडीत चढवलेल्या पेट्या यार्डात पोचल्या तोवर सकाळचा लिलाव उरकला होता.

बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा हे कसं होतं, ते आधी समजून घेऊ. तपासायची पद्धत त्यावरच ठरते.

तुमच्या गाडीची रचना कोणती?

पिकअपमध्ये दोनपैकी एक व्यवस्था सापडते. पहिलीत रेडिएटरच्या डोक्यावर धातूचं टोपण असतं आणि बाजूला प्लास्टिकची बाटली. दोघांना जोडणारी एक बारीक रबरी नळी. या बाटलीत दाब नसतो, तिचं झाकण नुसतं दाबून बसवलेलं असतं. दुसऱ्या व्यवस्थेत रेडिएटरला टोपणच नसतं. जाड प्लास्टिकची टाकी असते, तिला दोन-तीन होज, म्हणजे जाड रबरी पाइप, जोडलेले असतात आणि आट्यांचं घट्ट टोपण असतं. ही टाकी दाबाखाली असते, तिच्यातून कूलंट सतत फिरत असतं.

पहिल्या व्यवस्थेतलं टोपण हे नुसतं झाकण नाही. त्याच्या आत दोन व्हॉल्व्ह आहेत. इंजिन तापलं की कूलंट फुगतं, ठरावीक दाबाला मोठा व्हॉल्व्ह उघडतो आणि जास्तीचं कूलंट बाटलीत जातं. रात्री इंजिन निवलं की आत ओढ तयार होते, छोटा व्हॉल्व्ह उघडतो आणि बाटलीतलं कूलंट परत रेडिएटरमध्ये खेचलं जातं. टोपणाचं रबर कडक झालं किंवा त्या बारीक नळीला चीर गेली, तर इंजिन निवताना कूलंटऐवजी हवा आत जाते. बाटली तशीच भरलेली राहते आणि रेडिएटर दर फेरीला थोडा थोडा रिता होत जातो. माझ्या गाडीत नेमकं हेच झालं होतं. काटा खाली आला त्याचंही कारण आता कळतं. तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरं सांगतो. भोवतीचं कूलंट गेलं की तो वाफेत किंवा हवेत लोंबकळतो आणि काटा खोटं बोलायला लागतो. चढावर वर गेलेला काटा उगीचच झपकन खाली आला, तर गाडी लगेच बाजूला घ्या.

म्हणजे पहिल्या व्यवस्थेत बाटलीही बघायची आणि, इंजिन पूर्ण थंड असताना, टोपण काढून रेडिएटरही. दुसरीत टाकीची पातळी बघितली की पुरतं.

आता हे सगळं शोधायचं कुठे? बोलेरो पिकअपसारख्या नाकवाल्या गाडीचं बॉनेट उघडलं की समोर दिसतं. टाटा एस किंवा अशोक लेलँड दोस्तसारख्या चपट्या तोंडाच्या गाड्यांत इंजिन सीटखाली असतं, तिथे बाटली कुठे दिली आहे ते गाडीच्या पुस्तकात बघा. ऑइल, ब्रेक ऑइल आणि काच धुण्याच्या पाण्याची बाटली यांच्याशी कूलंटच्या बाटलीची गल्लत करू नका. काचेच्या पाण्यात कूलंट गेलं तर काच चिकट होते एवढंच. पण ब्रेक ऑइलच्या डबीत दुसरं काही गेलं तर ब्रेकवर बेततं.

सकाळी, पहिल्या स्टार्टच्या आधी

गाडी सपाट जागी उभी हवी. अंगणाला उतार असेल तर रात्रीच सपाट ठिकाणी लावा. रात्रभर निवलेल्या इंजिनवर दिसते तीच खरी पातळी. गाडी चालून आलेली असेल तर निदान तीन तास जाऊ द्या.

बाटलीवर खाली ‘मिन’ किंवा ‘लो’ आणि वर ‘मॅक्स’ किंवा ‘फुल’ अशा खुणा असतात. पातळी दोन्हींच्या मध्ये हवी. जुन्या बाटलीत एक फसवणूक हमखास होते. आतून बसलेल्या डागाची रेघ कूलंटच्या पातळीसारखीच दिसते. बाटलीच्या मागून बॅटरीचा उजेड टाका आणि दुसऱ्या हातानं गाडीला हलका धक्का द्या. हलते ती पातळी, न हलणारा तो डाग.

पातळीइतकंच महत्त्व रूपाला. स्वच्छ कूलंट हिरवं असो, गुलाबी असो वा निळं, आरपार दिसलं पाहिजे. विटकरी, गढूळ झालं असेल तर आत गंज धरला आहे. वर तेलाचा तवंग किंवा दुधाळ चहासारखा साका दिसला, तर तेल आणि कूलंट कुठेतरी एकत्र येताहेत. मग डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढून ऑइलही बघा. ते दुधाळ असेल तर गाडी सुरूच करू नका, मेकॅनिकला बोलवा.

आणखी एक गोष्ट, दहा सेकंदांची. रेडिएटरला जाणारा वरचा जाड होज पाइप दाबून बघा. थंड गाडीत तो हाताला मऊ लागला पाहिजे. रात्रभर उभ्या गाडीतही तो दगडासारखा असेल, तर सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये शिरत असल्याचा संशय घ्यावा. म्हणजे पुन्हा हेड गॅस्केट.

टोपण

इथे घाई केलेल्या माणसांचे भाजलेले हात आणि चेहरे मी पाहिले आहेत, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

टोपणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो. तो दाबाचा, बारमध्ये. साधं पाणी उघड्या भांड्यात १०० अंशांना उकळतं, पण एक बार जादा दाबाखाली १२० अंशांच्या आसपास. पाण्यात अर्ध्याला अर्धं मिसळलेलं कूलंट त्या दाबाला १२५ अंशांच्याही पुढे टिकतं. चढावर तापलेल्या इंजिनात ११० अंशांचं द्रव शांतपणे फिरत असतं ते या दाबामुळे. तुम्ही टोपण फिरवता, दाब क्षणात जातो आणि ते द्रव तिथल्या तिथे उसळून उकळतं. पाण्याची वाफ झाली की ते साधारण सोळाशे पट जागा मागतं. ती जागा तुमच्या तोंडाच्या दिशेनं असते.

थंड गाडीतही सवय एकच ठेवा. होज मऊ आहे याची खात्री करा, टोपणावर जाड फडकं ठेवा, चेहरा बाजूला घ्या. रेडिएटरचं टोपण आधी पाव आटा, पहिल्या अडकणीपर्यंतच फिरवा. फुस्स आवाज आला तर तिथेच थांबा, पूर्ण शांत झाल्यावर दाबून काढा. टाकीचं आट्यांचं टोपणही अर्धा आटा फिरवून थांबायचं.

टोपण हातात आलंच आहे तर त्याचं रबर बघून घ्या. चिरा, कडकपणा, चपटलेली कडा दिसली तर बदला. त्याच आकड्याचं घ्या. १.१ च्या जागी ०.९ चं बसवलं तर कूलंट लवकर उकळेल, उलट केलं तर जुने होज आणि रेडिएटरचे जोड ताणले जातील. सगळ्या कूलिंगमधला हा सर्वांत स्वस्त भाग आणि सर्वांत दुर्लक्षित.

काय ओतायचं

आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, पाणी चालतं की, हे मी बंदरावर, यार्डात, धाब्यावर, सगळीकडे ऐकलंय. गोठण्यापासून बचाव हे कूलंटचं एक काम. आपल्याला हवी आहेत ती बाकीची. ते उकळबिंदू वाढवतं, लोखंडी ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचं हेड गंजू देत नाही आणि कूलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपाचं सील टिकवतं. नुसत्या पाण्यात यातलं काहीच होत नाही.

पाण्यातही फरक आहे. घाटावरच्या बोअरचं पाणी जड. पातेल्याच्या तळाशी जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. आमच्या किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी काही ठिकाणी मचूळ असतं, त्यातलं मीठ ॲल्युमिनियम खातं. म्हणून मिसळायला डिस्टिल्ड वॉटर घ्या. बॅटरीच्या दुकानात पाच लिटरचा कॅन मिळतो. घेताना लेबल वाचा, तिथेच शेजारी बॅटरीचं ॲसिडही तसल्याच कॅनमध्ये असतं.

दुकानात कूलंट दोन प्रकारचं मिळतं. तयार मिसळलेलं, ते तसंच ओतायचं. आणि घट्ट, ज्यात पाणी घालावं लागतं. प्रमाण कॅनवर असतं. निम्म्याला निम्मं हे सर्वसाधारण. घट्ट कूलंट तसंच ओतलं तर इंजिन जास्त थंड राहील, हा गैरसमज आहे. त्यातला मुख्य घटक, ग्लायकॉल, पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतो, म्हणजे नुसतं ग्लायकॉल भरलेलं इंजिन उलट जास्त तापेल.

रंगावर विसंबू नका. कंपन्या रंग आपापल्या मर्जीनं देतात. एका कंपनीचं हिरवं आणि दुसरीचं हिरवं यांतली गंजरोधक रसायनं वेगळी असू शकतात. न जुळणारी दोन कूलंटं एकत्र आली की गंजरोधक गुण कमी होतो, कधी गाळ धरतो. गाडीच्या पुस्तकात जो प्रकार लिहिलाय तोच घ्या. आत काय आहे ते माहीतच नसेल, जुनी गाडी घेतली असेल, तर थोड्या कमतरतेला डिस्टिल्ड वॉटर घाला आणि लवकरच सगळं काढून, धुवून, नवं भरून घ्या.

वाटेत अडचण आली तर पिण्याचं स्वच्छ पाणी घालून घरी यायला हरकत नाही. पण किती घातलं ते लक्षात ठेवा. समजा तुमच्या गाडीत एकूण आठ लिटर मावतं आणि मिश्रण निम्मं-निम्मं होतं. एक लिटर गळून त्या जागी पाणी गेलं तर ग्लायकॉल सुमारे ४४ टक्के उरतं, तेवढ्यानं बिघडत नाही. तीन लिटर पाणी गेलं तर मात्र ते ३१ टक्क्यांवर येतं, आणि गंजरोधकही त्याच मापानं विरळ होतं.

भरणं आणि हवा काढणं

पहिल्या व्यवस्थेत आधी रेडिएटर तोंडापर्यंत भरा, मग बाटली. दुसरीत फक्त टाकी. नरसाळं वापरा आणि बारीक धारेनं ओता, धो धो ओतलं की हवा अडकते. बाटली ‘मॅक्स’च्या थोडी खालीच थांबवा. तापल्यावर फुगायला जागा हवी, ती नसेल तर जास्तीचं कूलंट रस्त्यावर सांडतं आणि तुम्हाला वाटतं गळती आहे.

दोन-तीनशे मिली घातलं असेल तर टोपण लावून निघा. लिटरभर किंवा जास्त गेलं असेल तर आत हवा शिरलेली असते. केबिनचा हीटर असेल तर तो पूर्ण गरमवर ठेवा, म्हणजे त्या वाटेतली हवाही निघेल. काही गाड्यांत हवा काढायचा छोटा स्क्रू असतो, पुस्तकात त्याची जागा दिलेली असते. रेडिएटरला टोपण असलेल्या गाडीत ते उघडं ठेवूनच थंड इंजिन सुरू करा आणि आयडलवर राहू द्या. हात, बाही, गळ्यातलं उपरणं पंख्यापासून लांब. बुडबुडे येतील, पातळी उतरेल तसं थोडं थोडं घाला. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरची वाट मोकळी करणारा व्हॉल्व्ह, साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो. वरचा होज गरम होऊ लागला की तो उघडला असं समजा, आणि कूलंट तोंडाशी उसळायच्या आत टोपण लावून टाका. दाबाच्या टाकीवाल्या गाडीत टोपण लावूनच इंजिन तापवा, मग पूर्ण निवू द्या आणि पातळी बघा.

दोन्ही प्रकारांत दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघायचंच. अडकलेली हवा निघाल्यावर पातळी एकदा उतरते, ते ठीक. तिसऱ्या सकाळीही उतरली, तर पुन्हा त्याच प्रश्नाशी या.

गेलं कुठे?

मी आता डॅशबोर्डच्या खणात एक छोटी वही ठेवतो. तारीख, किलोमीटर आणि किती मिली घातलं, एवढंच. किती घातलं हे मोजायला जुना औषधाचा मापाचा कप आहे. गेल्या पावसाळ्यानंतर वहीत आठवड्याला दीडशे, मग दोनशे, मग पावणेतीनशे असे आकडे दिसायला लागले. एकेका दिवसाचं कमी होणं डोळ्यांना कळलंच नसतं. आकडे वाढताना दिसले म्हणून शोधलं आणि वॉटर पंप सापडला. पंपाच्या अंगावर खालच्या बाजूला मुद्दाम एक बारीक भोक ठेवलेलं असतं. आतलं सील झिजलं की तिथून थेंब येतात, ही पंपानं दिलेली सूचना असते. ते भोक एम-सीलनं बुजवणारे लोक आहेत. मग कूलंट बेअरिंगमध्ये जातं आणि पंप वाटेत जाम होतो.

शोधायची सोपी रीत : रात्री इंजिनखाली पुठ्ठा पसरा. सकाळी डाग जिथे, त्याच्या वर बघा. उष्ण भागावर पडलेलं कूलंट वाळून जातं, म्हणून ओल नसली तरी रंगीत किंवा पांढरी खरपुडी शोधा. होजच्या क्लिपांजवळ, रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीच्या जोडावर, थर्मोस्टॅटच्या घराभोवती. केबिनमध्ये गोडसर वास, पायाखालचं मॅट ओलं आणि काचेवर आतून न जाणारं चिकट धुकं, तर हीटरचा कोअर, म्हणजे केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर, गळतोय.

बाहेर काहीच नाही आणि तरी कमी होतंय, ही सर्वांत वाईट अवस्था. म्हणजे ते इंजिनच्या आतून जातंय. एक वाट हेड गॅस्केटची. सकाळी सायलेन्सरमधून बराच वेळ पांढरा धूर आणि चालू इंजिनला बाटलीत बुडबुडे ही त्याची लक्षणं. दुसरी वाट, जी पुष्कळ जण तपासत नाहीत, ती ईजीआर कूलरची. अलीकडच्या अनेक डिझेल इंजिनांत सायलेन्सरकडे जाणारा थोडा धूर कूलंटनं थंड करून परत इंजिनात सोडतात. तो कूलर आतून फुटला की कूलंट धुराबरोबर निघून जातं, जमिनीवर एक थेंब दिसत नाही. हेड खोलायच्या आधी मेकॅनिकला तो तपासायला सांगा, मोठा खर्च वाचू शकतो. गॅरेजमध्ये टोपणाच्या जागी लावायचा हातपंप असतो. त्यानं थंड इंजिनात दाब भरून दाबाच्या घड्याळाचा काटा पडतो का बघतात. गळती बंद करायची पूड रेडिएटरमध्ये टाकू नका. ती भोकाबरोबर हीटरच्या आणि रेडिएटरच्या नळ्याही बुजवते.

कूलंट पुरेसं असूनही गाडी तापत असेल तर रेडिएटरच्या जाळीत डोकवा. आंब्याच्या पेट्यांतला भाताचा पेंढा उडून तिथे बसतो, वर चिखल आणि किडे. पाइपच्या साध्या धारेनं, इंजिनकडून पुढच्या बाजूला धुवा. जोराच्या प्रेशर वॉशरनं पातळ पत्रे आडवे होतात आणि हवा कायमची अडते. पंप फिरवणारा पट्टा सैल असेल तर पंपही नीट फिरत नाही, तोही बघा.

घाटात काटा वर गेला तर

एसी बंद, हीटर पूर्ण गरम, खालचा गिअर, आणि सुरक्षित जागा दिसताच गाडी बाजूला. हँडब्रेक ओढा, चाकांखाली दगड लावा. वाफ नसेल आणि पंखा फिरत असेल तर दोन मिनिटं आयडलवर ठेवा, काटा उतरू लागतो का बघा. वाफ दिसली किंवा काटा लाल पट्ट्यात गेला, तर इंजिन लगेच बंद. टोपणाला हात नाही. इंजिनवर थंड पाणी ओतायचं नाही, तापलेलं हेड तडकतं. पाऊण-एक तास थांबा, होज मऊ झाला का बघा, मगच टोपण आणि मगच पाणी, तेही थोडं थोडं. माल नाशवंत आहे, व्यापाऱ्याचे फोन येताहेत, हे सगळं मला माहीत आहे. तरी तो तास द्या.

उरलेलं कूलंट

बहुतेक कूलंटात एथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड आणि जातीनं विष. सांडलेलं कूलंट कुत्री-मांजरं चाटतात. लहान मूल रंग बघून पितं. म्हणून ते थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका, मूळ कॅनमध्येच, उंचावर ठेवा. कुणाच्या पोटात गेलं तर माणूस आधी दारू प्यायल्यासारखा वागतो, मग बरा वाटतो आणि पुढच्या एक-दोन दिवसांत मूत्रपिंडं निकामी होतात. लक्षणांची वाट न बघता कॅन बरोबर घेऊन थेट मोठ्या रुग्णालयात जा. यावर उतारा आहे, पण तो लवकर मिळावा लागतो.

काढलेलं जुनं कूलंट शेताच्या बांधावर, गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नका. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर मोठ्या अक्षरांत ‘विष – जुनं कूलंट’ लिहा आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला ते घेतात का विचारा. जमिनीवर सांडलं असेल तर वाळू किंवा लाकडाचा भुसा टाकून टिपा, भरा आणि जागा पाण्यानं धुवा.